वाहिनीला लिहिलेल्या पत्राचं पुढे काय होतं: दीपाताईंच्या प्रश्नाला उत्तर

दीपाताई, तुमची पोस्ट वाचली आणि जुनी फाईल काढून बसलो. सार्वजनिक वाहिनीवरच्या फोन-इन कार्यक्रमात तज्ज्ञ म्हणून बसलेल्या गृहस्थांनी सांगितलं की ऐंशीच्या पुढच्या पेन्शनरांना आता दरवर्षी हयातीचा दाखला लागत नाही. तुमच्या वडिलांनी ते खरं धरलं आणि पेन्शन थांबली. तुम्ही वाहिनीला दोन पत्रं लिहिलीत, त्यावर उत्तर आलं: "आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे." हे वाक्य मला पाठ आहे. माझ्या फाईलमध्ये ते तीन वेगवेगळ्या लेटरहेडवर आहे.

पेन्शनचं आधी उरकतो. वाहिनी चूक कबूल करेल म्हणून थांबू नका. दाखला आजच बँकेत द्या किंवा मोबाईलवरून जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला, करा, पेन्शन थकबाकीसह सुरू होते. केंद्र सरकारच्या पेन्शनरांपैकी ऐंशी पूर्ण झालेल्यांना दाखला नोव्हेंबरऐवजी 1 ऑक्टोबरपासून देता येतो. सवलत एवढीच आहे, माफी नाही. त्या गृहस्थांनी बहुधा यातलं अर्धंच वाचलं होतं.

आता पत्राकडे. मी वकील नाही, पत्रकारही नाही. खाली लिहितोय ते स्वतः भोगलेलं आणि नंतर नियम वाचून जुळवलेलं आहे. नियम बदलतात, तेव्हा पाठवण्याआधी एकदा ताडून पाहा.

माझं प्रकरण पीकविम्याचं. एका सार्वजनिक वाहिनीवर (नाव लिहीत नाही, विचारूही नका) शेतीविषयक चर्चा चालू होती आणि खाली पळणाऱ्या पट्टीवर अर्जाची शेवटची तारीख चुकीची होती, खऱ्या मुदतीच्या पुढची. आमच्या भागातले बरेच जण त्या भरवशावर राहिले आणि मुदत टळली. मी पत्र लिहिलं. रागाचं नव्हतं, मुद्द्याचं होतं: कार्यक्रम, दिवस, वेळ, पट्टीवरचा मजकूर. मागण्या दोनच. त्याच कार्यक्रमात दुरुस्ती दाखवा, आणि त्या दिवसाचं रेकॉर्डिंग जपून ठेवा.

मग तो प्रवास सुरू झाला. वाहिनीच्या प्रादेशिक केंद्राने कळवलं, कार्यक्रम बाहेरच्या निर्मात्याचा आहे, मुख्यालयाला लिहा. मुख्यालयाने कळवलं, बाब प्रादेशिक आहे, सबब पत्र केंद्राकडे पाठवलं. केंद्रातल्या ज्या कक्षाकडे ते आलं, तिथे ते पडून राहिलं. फोन केला की "साहेब मीटिंगमध्ये" किंवा "तुमचा आवक नंबर सांगा". नंबर सांगितला की "तो जुन्या रजिस्टरमध्ये असेल, ते रजिस्टर वर आहे". वर म्हणजे कुठे, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटी माहिती अधिकारात फाईल पाहायला मागितली. कागद मागण्यापेक्षा फाईल डोळ्यांनी पाहणं बरं, केंद्र सरकारच्या नियमांनुसार पहिला तास फुकट असतो आणि पुढे तासाला 5 रुपये. समोर जाड पिवळी फाईल आली, वर स्केचपेनने लिहिलेलं: "प्रेक्षक अभिप्राय". माझं पत्र त्यात होतं. त्याच्या वर एका आजोबांचं पत्र, रविवारी सकाळी नाट्यसंगीत जास्त लावा म्हणून. खाली कुठल्याशा शाळकरी मुलाने रंगवलेलं निवेदकाचं चित्र. माझ्या पत्रावर निळ्या शाईचा "अभिप्राय" असा शिक्का, त्यावर तारीख, आणि बाजूला पेन्सिलीने "नोंद घेतली". बस्स. "रेकॉर्डिंग जपून ठेवा" या ओळीखाली कोणीतरी रेघ ओढली होती. म्हणजे ती वाचली गेली होती.

रेकॉर्डिंगबद्दल विचारलं तर लेखी उत्तर आलं की जतनाचा कालावधी संपल्याने उपलब्ध नाही. खरी किंमत मोजली ती इथे. चूक झाली होती हे कोणी नाकारलं नाही, पण ती दाखवायला आता काही नव्हतं. दुरुस्ती कशाची करायची, असं मलाच विचारलं गेलं. तक्रारीला अभिप्रायाच्या फाईलमध्ये घालणं हा त्या कार्यालयाचा निष्काळजीपणा होता की शहाणपणा, यावर माझं मत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर: रेकॉर्डिंग नाशवंत आहे. खासगी वाहिन्यांना सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रसारित मजकूर 90 दिवस ठेवावा लागतो. सार्वजनिक वाहिनी त्याहून जास्त ठेवेल असं गृहीत धरू नका. कार्यालयं पत्र इकडून तिकडे ढकलत राहतात आणि तेवढ्यात ही मुदत उलटते. पत्राची पहिली ओळ "मी आपला नियमित प्रेक्षक आहे" अशी नको. "अमुक दिवशी अमुक वेळी प्रसारित झालेल्या अमुक कार्यक्रमाचे मूळ ध्वनिचित्रमुद्रण या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत जतन करावे" अशी हवी. विषयाच्या ओळीत "तक्रार" हा शब्द ठळक, आणि "सूचना", "अभिप्राय", "विनंती" हे शब्द कुठेच नकोत. मला विचाराल तर "आपला नम्र"सुद्धा नको, पण तेवढं चालतं.

स्वतःकडेही पुरावा ठेवा. कार्यक्रम यूट्यूबवर चढवला असेल तर दुवा आणि नेमकं मिनिट-सेकंद लिहा, आणि आजच उतरवून ठेवा. उद्या तो भाग कापलेला दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. पुढे कधी टीव्हीवर असं काही दिसलं, तर मोबाईलने पडद्याचा व्हिडिओ घ्यायचा आणि चौकटीत भिंतीवरचं घड्याळ येऊ द्यायचं. घरचे हसतात. हसू देत.

दुसरं, दार कोणतं ठोठावायचं. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण बातम्या आणि चर्चा दाखवणारं सगळं आपल्याला सारखंच वाटतं.

दूरदर्शनच्या वाहिन्या प्रसार भारतीच्या. प्रसार भारतीला माहितीचा अधिकार लागू आहे आणि केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, म्हणजे सीपीग्राम्सवर, तिची तक्रार करता येते. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निकालाची मुदत 21 दिवस केली आहे. बंद केलेल्या तक्रारीवर अपील करता येतं आणि ते कराच, कारण पहिल्या फेरीत "नोंद घेतली" हेच उत्तर येण्याची शक्यता फार.

संसद टीव्ही मात्र प्रसार भारतीची नाही, ती संसदेची आहे. 15 सप्टेंबर 2021 ला लोकसभा टीव्ही आणि राज्यसभा टीव्ही एकत्र करून ती सुरू झाली. सभागृहातलं चित्रण नीट दाखवलं नाही, आमच्या खासदारांचं भाषण मध्येच कापलं, अशी पत्रं लोक दूरदर्शनला पाठवतात आणि ती तिथेच संपतात. आणि ही वाहिनी घरी दिसतच नसेल तर दोष वाहिनीचा नाही. 1995 च्या केबल कायद्याच्या कलम 8 प्रमाणे दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या आणि संसदेची वाहिनी दाखवणं केबलवाल्यावर बंधनकारक आहे. त्याला लेखी द्या. ऐकलं नाही तर जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा पोलीस आयुक्त हे त्या कायद्याखाली प्राधिकृत अधिकारी आहेत. आमच्या केबलवाल्याला कलमाचा आकडा घालून पत्र दिल्यावर वाहिनी संध्याकाळी दिसायला लागली. या साऱ्या पत्रव्यवहारात सुखाने झालेलं काम म्हणाल तर हेच.

खासगी वृत्तवाहिनीचं तिसरंच. तिथे पायऱ्या आहेत. 2021 च्या केबल नियमांतील दुरुस्तीनुसार वाहिनीने 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यायचा. तो आला नाही किंवा पटला नाही तर पुढच्या 15 दिवसांत ती वाहिनी ज्या स्वयंनियमन संस्थेची (वाहिन्यांनीच तक्रारी ऐकायला उभी केलेली संस्था) सदस्य आहे तिच्याकडे अपील, तिला 60 दिवस. त्यानंतर पुन्हा 15 दिवसांत केंद्र सरकारकडे. वृत्तवाहिन्यांची जुनी संस्था एनबीडीएसए, म्हणजे न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी, आहे (2021 पूर्वी एनबीएसए). तिच्या नियमांत वाहिनीकडची पहिली तक्रार प्रसारणापासून 7 दिवसांत जायला हवी. सात! आपण सात दिवस तर शेजाऱ्यांशी चर्चा करण्यात घालवतो. सगळ्या वाहिन्या तिच्या सदस्य नाहीत, तेव्हा आधी वाहिनीच्या संकेतस्थळावर तक्रार अधिकारी आणि संस्था पाहून घ्या. दंडाच्या मोठ्या अपेक्षा ठेवू नका. एनबीडीएसएची कमाल मर्यादा 1 लाख रुपये होती आणि त्याने काय फरक पडतो, असं 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच विचारलं. दुरुस्ती, दिलगिरी, यूट्यूबवरून व्हिडिओ काढणं, हे मात्र पदरात पडू शकतं.

तुमचं प्रकरण दूरदर्शनसारख्या सार्वजनिक वाहिनीचं दिसतंय, म्हणून माहिती अधिकाराचं नीट सांगतो. "माझ्या पत्रावर काय कारवाई केली?" असं विचारू नका, "कार्यवाही सुरू आहे" असं उत्तर येतं आणि तुम्ही तिथेच. विचारायचं असं: माझ्या अमुक तारखेच्या पत्राचा आवक क्रमांक, ते कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होतं, त्यावरचे शेरे आणि टिपणी यांच्या प्रती, आणि त्या प्रसारणाच्या मुद्रणाची प्रत. नावं आणि तारखा मागितल्या की टेबलावर हालचाल होते. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे.

एक बारीक गोष्ट, जिच्यापायी आमच्याकडच्या कितीतरी लोकांचे अर्ज परत येतात. आपल्याला सवय राज्याच्या कार्यालयांची: अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला की झालं. प्रसार भारती केंद्राची. तिथे तो स्टॅम्प चालत नाही. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा किंवा सरळ केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून पैसे भरा. शब्दमर्यादाही वेगळी. राज्याकडे 150 शब्द आणि एकच विषय, केंद्राकडे साधारण 500.

भाषेबद्दल तुम्ही विचारलंय की दिल्लीला मराठीत लिहिलं तर चालेल का. बेलाशक लिहा. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाणं मांडणारं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याला त्या-त्या ठिकाणी वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. मी मराठीत लिहितो आणि शेवटी या अनुच्छेदाचा आकडा टाकतो. हिंदीत पाठवा म्हणून एकदा फोन आला होता. मी म्हटलं, तसं लेखी कळवा. लेखी काही आलं नाही. घाई असेल तर सोबत इंग्रजीत एक परिच्छेद जोडा, तत्त्वाला फार कवटाळून बसण्यात अर्थ नाही.

टपालाने पाठवणार असाल तर रजिस्टर पोस्ट मागू नका, 1 सप्टेंबर 2025 पासून ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. पोच हवी हे काउंटरवर स्पष्ट सांगा आणि ट्रॅकिंगच्या पानाचा फोटो काढून ठेवा. हाती देणार असाल तर झेरॉक्सवर बारनिशीचा (आवक-जावक टेबलाचा) शिक्का आणि सही घेतल्याशिवाय हलू नका. "ठेवून जा, शिक्का नंतर मारतो" म्हणतात. थांबा म्हणाले तर थांबा.

प्रती कोणाकोणाला पाठवायच्या? एकालाही नाही, असं माझं ठाम मत. मंत्री, सचिव, खासदार, दोन वर्तमानपत्रं अशी खाली यादी लावली की प्रत्येक जण दुसऱ्यावर सोडून देतो. इथले काही जुने सदस्य याच्या उलट सांगतील, त्यांचा अनुभव वेगळा असेल.

आणि कृपा करून पुढचं पत्र एका पानात बसवा. तुम्ही पोस्टमध्ये चिकटवलेलं दुसरं पत्र चार पानांचं आहे. त्यात वडिलांची नोकरी, त्यांचा दमा, वाहिनीच्या जुन्या दर्जेदार कार्यक्रमांची आठवण असं सगळं आहे. मन हलतं वाचून, पण कार्यक्रमाची तारीख तिसऱ्या पानावर आहे. पूर्वी प्रेक्षकांच्या पत्रांना वेगळा मान होता. नव्वदच्या दशकात कोड्यांच्या उत्तरांची पोस्टकार्डं इतकी जायची की टपाल खात्याला स्पर्धेसाठी जास्त किमतीचं वेगळं कार्ड काढावं लागलं. माझ्या बहिणीचं नाव एकदा वाचून दाखवलं होतं तर आळीत पेढे वाटले होते. तक्रारीचं पत्र त्या जातीचं नाही. ते उघडणाऱ्या माणसाला तारीख, वेळ, चुकीचं वाक्य आणि मागणी पहिल्या दहा ओळींत दिसली पाहिजे.

तुमच्या पोस्टमध्ये कार्यक्रम "दिवाळीच्या आसपास" असं म्हटलंय. नेमकी तारीख शोधा. 90 दिवस झाले नसतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आज फक्त मुद्रण जतन करण्याची मागणी ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हींनी पाठवा. वडिलांनी फोन लावून प्रश्न विचारला होता की नुसतं ऐकलं होतं, हेही कळवा. फोन लावला असेल तर मोबाईल कंपनीच्या बिलात त्या नंबराची वेळ सापडेल. तारीख मिळाली की इथेच टाका, पत्राचा मसुदा मी करून देतो.