बेसी स्मिथचा समग्र संच ऐकायला घेतला, पण सगळी गाणी सारखीच वाटतात. कशी ऐकावीत?

तुम्ही लिहिलंय की पहिल्या गाण्यापासून क्रमाने ऐकत गेलात आणि विसाव्या गाण्यापर्यंत खरखरीने डोकं दुखायला लागलं. माझंही पहिल्या वेळी अगदी हेच झालं होतं. यात तुमच्या कानांचा दोष नाही. बेसी ही अमेरिकेतली ब्लूज गायिका, आणि ब्लूज म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची गाणी. १९२३ ते १९३३ या काळातली तिची ही सुमारे १६० गाणी ओळीने ऐकण्यासाठी झालेलीच नाहीत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू म्हणजे तीन मिनिटं, मग उठून तबकडी उलटायची. म्हणून माझं सांगणं एवढंच की दिवसाला दोन गाणी ऐका, जास्त नकोत.

सुरुवात १४ जानेवारी १९२५ च्या 'सेंट लुईस ब्लूज'पासून करा. तेव्हा ध्वनिमुद्रणात अजून मायक्रोफोन आलेला नव्हता, भोंग्यासमोर उभं राहून गायचं. पण इथे माणसं तिघंच आहेत. बेसी, कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) लुई आर्मस्ट्राँग आणि फ्रेड लाँगशॉ. लाँगशॉ नेहमीचा पियानो सोडून हार्मोनियम वाजवतो, आपल्या पेटीची पायाने भाता मारायची थोरली बहीण. तिचे लांब सूर खाली अंथरलेले आणि त्यावर बेसीचा भरदार, अजिबात घाई नसलेला आवाज. सांजेला सूर्य बुडताना बघवत नाही, एवढीच पहिली ओळ. ती संपते आणि उरलेल्या जागेत कॉर्नेट उत्तर देतो. ब्लूजमध्ये ओळ गाऊन झाली की वाद्यासाठी मोकळी जागा ठेवलेलीच असते. पहिल्यांदा फक्त आवाज ऐका, दुसऱ्यांदा फक्त या जागा ऐका. मला तर हे गाणं दुसऱ्या वेळीच कळलं.

मग फेब्रुवारी १९२७ चं 'बॅकवॉटर ब्लूज'. हे तिने स्वतः रचलंय. पाच दिवस पाऊस, दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही, कुणी होडी वल्हवत येतं, ती कपड्यांचं बोचकं होडीत टाकते. पुढे एका उंच टेकडीवर उभी राहून खाली आपलं घर बघते. पुरात घर गेलेलं माणूस असंच बोलतं, आरडाओरडा न करता. साथीला जेम्स पी. जॉन्सनचा पियानो आहे. त्याच्या डाव्या हाताकडे कान द्या, पाणी चढत असल्यासारखा घुमतो. चाल साधी आहे आणि प्रत्येक कडव्याला तीच आहे, हे तुमचं म्हणणं खरंच. पण कडव्यागणिक बेसी कुठला शब्द ओढते, कुठला टाकून देते, ते बघा. सगळं गाणं तिथे आहे.

१९३३ ची शेवटची चार गाणी नंतरसाठी ठेवा. त्यांचा बाज वेगळा आहे, साथीला स्विंगवाले, म्हणजे नाचऱ्या लयीचं जॅझ वाजवणारे वादक आहेत. चार वर्षांनी, सप्टेंबर १९३७ मध्ये, मिसिसिपीत मोटार अपघातात बेसी गेली.

त्या शेवटच्या चार गाण्यांआधी मे १९२९ चं 'नोबडी नोज यू व्हेन यू आर डाउन अँड आउट' नक्की ऐका. पैसा होता तोवर मित्र होते, आता कुणी ओळख देत नाही, असं ते गाणं. शेवटच्या फेरीत ती ओळींच्या सुरुवातीचे शब्दच सोडून देते आणि तोंड मिटून नुसती गुणगुणते. तिथे आवाज थोडा मोठा करा.