३४ वर्षांच्या इमारतीला आधी स्ट्रक्चरल ऑडिट करावं की प्लास्टर-रंग? आणि फायरचं वेगळं बघावं लागतं का?

आधी ऑडिट. रंगाचं कोटेशन आजच बाजूला ठेवा.

तुम्ही लिहिलंय की संडासाच्या स्लॅबखालून पोपडे पडतायत आणि कमिटी म्हणतेय, "यंदा रंग लावून घेऊ, ऑडिट पुढच्या वर्षी." हेच वाक्य आमच्या ठाण्याच्या सोसायटीत आमच्या खजिनदारांनी भर सभेत ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

आमची इमारत १९८६ची, तळ अधिक चार. मी आरसीसीच्या साइटवर सुपरवायझर होतो. पहिल्या मजल्यावरच्या मावशींच्या संडासात वरच्या स्लॅबची सळई उघडी पडली, तर खजिनदारांच्या माणसाने गंजावर ब्रश मारला, सिमेंट-वाळू थापली आणि रंग फिरवला. पुढच्या पावसाळ्यात तोच थापलेला थर आजूबाजूचं काँक्रीट घेऊन खाली आला. मावशी नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. गंजलेली सळई फुगते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहून जास्त जागा लागते. सळईच्या मागचं काँक्रीट काढून ती चारही बाजूंनी मोकळी केली नाही, तर मागचा गंज नव्या थराला ढकलणारच.

पुढच्या सभेला मी हातोडी घेऊन गेलो आणि जिन्याचा बीम ठोकून दाखवला. बद्द आवाज आला, म्हणजे आतलं काँक्रीट सुटलेलं. "तुम्ही लोकांना घाबरवता," असं मला सांगण्यात आलं. तरी ऑडिटचा ठराव झाला. इंजिनियरने बीमचा कोपरा फोडून फेनॉल्फ्थॅलिन फवारलं. चांगलं काँक्रीट त्याने गुलाबी होतं. आमचं सळईपर्यंत बेरंग राहिलं. म्हणजे सळईला गंजापासून राखणारा काँक्रीटचा अल्कधर्म तिथवर संपला होता. मग टेकू लावले, सैल काँक्रीट काढलं, झिजलेल्या सळयांना नव्या जोडल्या, गंजरोधक लावून पॉलिमर मिसळलेलं सिमेंटचं मॉर्टर भरलं, दोन कॉलमना मायक्रोकाँक्रीटचं (बारीक खडीच्या काँक्रीटचं) जॅकेट, म्हणजे भोवती नवा थर, केलं. रंग सगळ्यात शेवटी.

फायरचं म्हणाल, तर हा त्याच कामाचा भाग आहे. सळईवरचं कव्हर, म्हणजे तिच्यावरचा काँक्रीटचा थर, तिला हवेपासून वाचवतं तसं आगीपासूनही वाचवतं. साधारण ५५० अंशांना लोखंडाची ताकद निम्म्यावर येते. कव्हर पडलेल्या बीमची सळई सरळ ज्वाळेत असते. कंत्राटदार बीम-कॉलम मजबूत करायला रेझिनने चिकटवायच्या कार्बन फायबरच्या पट्ट्या सुचवत असेल, तर त्यावर अग्निसंरक्षक थर कोणता देणार ते लेखी घ्या. त्यातलं रेझिन साधारण ६० ते ८० अंशांतच मऊ पडायला लागतं. विजेच्या डक्टमधली मजल्यामजल्यावरची भोकं अग्निरोधक मालाने बुजवून घ्या, नाहीतर धूर थेट वरच्या मजल्यांवर जातो. आणि जिन्याखाली मीटरबोर्डाशेजारी कोणाचंही सामान नको. आमच्याकडे तिथली लाकडी कपाटं खजिनदारांचीच होती आणि ती हलवायला मला लेखी तक्रार करावी लागली. पैसा वाचवतो म्हणणाऱ्याने माणसांचा जीव कशाला टांगणीला लावावा?

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढे दर ३ वर्षांनी करायचं असतं, त्यामुळे "पुढच्या वर्षी" हा पर्याय तुमच्या कमिटीकडे नाहीच. इमारतीत अग्निशमन यंत्रणा असेल, तर ती चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत लागतं.

हे सगळं दुरुस्त होण्याजोग्या इमारतीबद्दल. ऑडिटमध्ये सी-१ (अतिधोकादायक) वर्ग आला तर इमारत रिकामी करून पाडावीच लागते. नुसत्या रिबाउंड हॅमरवर (पृष्ठभागावर ठोकून काँक्रीटचा कडकपणा मोजणारं उपकरण), तेही प्लास्टरवरून मारलेल्या, अहवाल देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तळमजल्यावर कोणी भिंती किंवा कॉलम फोडत असेल, तर काम आजच थांबवा. २५ जुलै २०१७ला घाटकोपरला कोसळलेल्या इमारतीत तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि १७ माणसं गेली. तुमच्या कॉलमला उभ्या भेगा असतील, तर सभेची वाट न बघता इंजिनियर बोलवा आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे टेकू लावून घ्या.