छोट्या गावातला फुटबॉल क्लब टिकतो कसा? अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनलीचं बघा

तुम्ही विचारलंय की मागे मोठा पैसा नाही, टीव्हीवर मॅच दिसत नाही, खालच्या डिव्हिजनला खेळतात, असा लहान गावाचा क्लब वर्षानुवर्षं टिकतो कसा, आणि एखादं खरं उदाहरण आहे का. आहे की. इंग्लंडमध्ये लँकेशायर भागात अ‍ॅक्रिंग्टन म्हणून गाव आहे, वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या अमळनेरपेक्षाही लहान. त्यांचा क्लब अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली. हा क्लब टिकला तर आहेच, पण मधे एकदा पार मेलाही होता, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या मरण्यातच सापडतं.

मला या गावाचं एवढं का, तर कापूस. लँकेशायर म्हणजे सूतगिरण्यांचा मुलूख, सूत कातायचं जेनी यंत्र काढणारा हारग्रीव्ह्ज अ‍ॅक्रिंग्टनला लागूनच असलेल्या गावातला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडून लोकांची उपासमार झाली, आणि त्याच काळात मुंबई बंदरातून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्यात खानदेशचा मालही होताच. ज्याचं बालपण मिलच्या गावात गेलंय त्याला तिथल्या फुटबॉलचं वेड समजावून सांगावं लागत नाही. आठवडाभर साच्यावर उभं राहायचं आणि शनिवारी अर्धी सुटी झाली की ग्राउंडवर, एवढाच काय तो विरंगुळा.

१८८८ ला इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या बारा क्लबांत अ‍ॅक्रिंग्टन होतं. तो मात्र वेगळा क्लब, १८९३ ला दुसऱ्या डिव्हिजनला उतरवल्यावर त्यांनी लीगच सोडली आणि थोड्याच वर्षांत ते संपले. स्टॅनली क्लब १८९१ चा, स्टॅनली स्ट्रीटवरच्या पोरांनी काढलेला, गावाचं नाव त्याने नंतर लावलं. १९२१ ला तो लीगमध्ये आला. १९५५ ला तर तिसऱ्या डिव्हिजनच्या उत्तर गटात दुसरा नंबर काढला, वर फक्त पहिल्याला घ्यायचे म्हणून हुकलं, आणि त्या काळातल्या त्यांच्या टीममध्ये जवळपास सगळे खेळाडू स्कॉटलंडचे.

मग घोळ सुरू झाला. १९५८ च्या सुमारास पार दक्षिण इंग्लंडमधल्या अल्डरशॉटच्या लष्करी कवायतींच्या मैदानावरचा एक जुना स्टँड स्वस्तात मिळतोय म्हणून घेतला, पण तो उचलून आणायचा आणि उभा करायचा खर्च किमतीच्या कितीतरी पट निघाला. त्यात तो कवायत बघायसाठी बांधलेला, फुटबॉल बघायला धड नाही. खेळाडू विकावे लागले, टीम घसरत चौथ्या डिव्हिजनला गेली. मार्च १९६२ ला क्रू गावच्या क्लबकडून ४-० ने हरले, कर्ज ६०,००० पौंडांच्या आसपास होतं. शेजारच्या बर्नली क्लबचा चेअरमन बॉब लॉर्ड याला सल्ला द्यायला बोलावलं होतं, त्याने सांगितलं आता काही उपयोग नाही, आणि डायरेक्टरांनी राजीनाम्याचं पत्र लीगला पाठवून दिलं. सीझन चालू असताना! गावातून मदतीची बोलणी होतात न होतात तोवर दुसरं पत्र गेलं की राजीनामा मागे घेतो, पण लीगचे सेक्रेटरी अ‍ॅलन हार्डेकर म्हणाले एकदा दिला तो दिला. खेळलेल्या ३३ मॅच रेकॉर्डमधून काढून टाकल्या. गावाचा क्लब, पण गावाला विचारलंच नाही, चार माणसांनी बंद खोलीत ठरवून टाकलं, हे मला आजही पटत नाही. कर्ज दुसऱ्या क्लबांनाही होतं हो.

छोट्या लीगमध्ये कसाबसा खेळत १९६६ ला क्लब बंदच पडला. १९६८ ला गावातल्या लोकांनी नव्याने काढला, नवं ग्राउंड, अगदी तळापासून सुरुवात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दुधाच्या एका जाहिरातीत दोन पोरांच्या तोंडी याचं नाव आलं, म्हणजे दूध पिलं नाही तर असल्या क्लबातच खेळशील, आणि सगळ्या देशाला नाव पाठ झालं. १९९९ ला जॉन कोलमन मॅनेजर आला. ब्रेट ऑर्मरॉड म्हणून खेळाडू त्यांनी ब्लॅकपूलला विकला होता, पुढे ब्लॅकपूलने त्याला साउदॅम्प्टनला मोठ्या रकमेत दिलं तेव्हा करारातल्या वाट्याचे पैसे स्टॅनलीलाही मिळाले, लहान क्लबाला असा एक व्यवहार काही वर्षं तारून नेतो. २००६ ला ते चव्वेचाळीस वर्षांनी लीगमध्ये परत आले, आणि त्याच वर्षी लीगबाहेर गेला ऑक्सफर्ड युनायटेड, जो १९६२ ला यांच्याच जागी आत आला होता!

२००९ ला पुन्हा तीच वेळ, टॅक्सची ३,०८,००० पौंडांची थकबाकी, क्लब बंद करायची केस कोर्टात. पण या वेळी गोष्ट लपवली नाही, लोकांपुढे उघड मांडली, वर्गणी गोळा झाली, कोर्टाने मुदत दिली आणि शेवटी एका बिझनेसमनने उरलेले पैसे भरले. १९६२ आणि २००९ मधला फरक मला तरी एवढाच दिसतो, दुसऱ्या वेळी गावाला वेळेत कळलं.

२०१८ ला लीग टू, म्हणजे चौथी पातळी, जिंकून ते तिसऱ्या पातळीवर गेले, ५,००० च्या आसपास माणसं मावतील एवढ्या ग्राउंडवर, आणि २०२३ ला परत खाली आले.

तुमच्या गावात क्लब असेल तर त्यांची एक गोष्ट नक्की उचला. आसपासच्या शाळांमधल्या तिसरीच्या वर्गातल्या पोरांना क्लब फुकट जर्सी देतो. मँचेस्टर जवळच आहे, नाहीतर सगळी पोरं युनायटेड नाहीतर सिटीचीच जर्सी घालून फिरली असती. सात-आठ वर्षांचं पोर ती लाल जर्सी घालून एकदा ग्राउंडवर आलं की सोबत बाप येतो, आजोबाही येतात, आणि तिकीट त्यांचं फुटतं. वर्गणीची वेळ आली की हीच माणसं पुढे येतात. आणि क्लबच्या मॅच फॉलो करायच्या असतील तर हिवाळ्यात शनिवारच्या बऱ्याचशा मॅच आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होतात, जेवण उरकून आरामात स्कोअर बघता येतो.