‘कॅटेगोरिकल एक्स्क्लूजन’ म्हणजे सूट का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पर्यावरण तपासणीच्या नियमांचा मराठी गोषवारा करताना ‘कॅटेगोरिकल एक्स्क्लूजन’ला ‘सरसकट सूट’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘असेसमेंट’ व ‘स्टेटमेंट’ दोन्हींना ‘मूल्यमापन’ म्हणून भागेल का?

‘सूट’ नको. सूट म्हटली की कायदा लागूच नाही असा अर्थ निघतो, आणि इथे तर कायदा पुरेपूर लागू असतो. निक्सन यांनी 1 जानेवारी 1970 रोजी सही केलेला राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा, ज्याला तिकडे सगळे ‘नेपा’ म्हणतात, तो संघराज्य सरकारच्या यंत्रणांना सांगतो की निर्णय घेण्याआधी त्याचे पर्यावरणावरचे परिणाम तपासा. काही प्रकारच्या कामांतून लक्षणीय परिणाम सहसा होत नाहीत, हे यंत्रणेने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. असं काम आलं की सविस्तर दस्तऐवज करावा लागत नाही, यालाच ‘कॅटेगोरिकल एक्स्क्लूजन’ म्हणतात. उजाड झालेल्या जागी योग्य गवत-झाडं लावणं, किंवा निचऱ्यासाठी खणलेले जुने चर बुजवून पाणी पूर्ववत होऊ देणं, ही मृद-जलसंधारण पाहणाऱ्या ‘एनआरसीएस’ या यंत्रणेच्या यादीतली कामं.

तरी काम यादीत आहे म्हणून फाईल बंद होत नाही. ‘एनआरसीएस’चा अधिकारी ‘सीपीए-52’ नावाचा तपासणी-तक्ता भरतो. जवळ पाणथळ जागा आहे का, संकटग्रस्त प्रजातीचा अधिवास आहे का, ऐतिहासिक वास्तू आहे का, हे त्यात पाहिलं जातं. असं काही निघालं आणि त्यावर लक्षणीय परिणाम होण्याची शक्यता दिसली, तर ती ‘असाधारण परिस्थिती’ ठरते आणि यादीतलं कामही पुढच्या तपासणीला जातं. म्हणून मी ‘वर्गवार वगळणूक’ म्हणेन. शब्द जरा खडबडीत आहे, कबूल. पण कामांचा वर्ग वगळलाय, आणि तोही फक्त सविस्तर दस्तऐवजातून, हे त्यात टिकतं. ‘सूट’ राखून ठेवा, कारण संसदेने एखादं काम खरोखरच नेपाबाहेर काढलं तर तिथे तोच शब्द लागेल.

आता ‘असेसमेंट’ आणि ‘स्टेटमेंट’. दोन्ही एकाच शब्दाखाली घातलीत तर वाचकाला पुढचं काही कळणार नाही. पहिलं छोटं दस्तऐवज: परिणाम लक्षणीय होईल की नाही, एवढंच ठरवायला. त्याला ‘मूल्यमापन’ ठीक. परिणाम लक्षणीय होणार असं दिसलं तर दुसरं, पर्याय मांडणारं मोठं दस्तऐवज. 2023 च्या दुरुस्तीने पहिल्याला 75 पानं आणि एक वर्ष, दुसऱ्याला साधारणपणे 150 पानं आणि दोन वर्षं अशी मर्यादा घातली. ‘स्टेटमेंट’ला ‘निवेदन’ मात्र करू नका. निवेदन आपल्याकडे मोर्चा नेऊन कलेक्टरला देतात. ‘पर्यावरणीय परिणाम अहवाल’ म्हणा.

मूल्यमापनातून परिणाम लक्षणीय नाही असं निघालं तर जो कागद निघतो तो ‘फॉन्सी’: ‘लक्षणीय परिणाम नसल्याचा निष्कर्ष’. यातलं ‘लक्षणीय’ गाळून ‘परिणाम नसल्याचा’ असं लिहिलेलं मी बरेचदा वाचलंय. सगळा वाद त्याच विशेषणावर उभा असतो. तणनाशक सहन करणाऱ्या जनुकबदल लसूणघासाचं उदाहरण घ्या. कृषी खात्याच्या ‘एफिस’ने, म्हणजे पिकांचं आणि प्राण्यांचं आरोग्य पाहणाऱ्या यंत्रणेने, 2005 मध्ये मूल्यमापन आणि फॉन्सी यांवर त्याच्या लागवडीवरचं नियंत्रण उठवलं. परागकणांवाटे हे जनुक साध्या आणि सेंद्रिय लसूणघासात शिरेल, ही तक्रार घेऊन बियाणं पिकवणारे कोर्टात गेले. 2007 मध्ये जिल्हा न्यायालयाने म्हटलं, इथे पूर्ण अहवाल हवा होता. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लागवडीवरची देशव्यापी बंदी उठवली, पण अहवाल करणं सुटलं नाही. तो डिसेंबर 2010 मध्ये आला, आणि जानेवारी 2011 मध्ये एफिसने नियंत्रण पुन्हा पूर्ण उठवलं.

वाचणाऱ्याला वाटेल, मग एवढा खटाटोप कशाला? नेपा निर्णय कसा घ्यायचा ते सांगतो, कोणता घ्यायचा ते नाही. वनसेवा हीसुद्धा कृषी खात्यातलीच यंत्रणा. तिच्या 1989 च्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की हा कायदा माहिती न घेता केलेल्या कृतीला मनाई करतो, शहाणपणाच्या नसलेल्या कृतीला नाही. त्यामुळे गोषवाऱ्यात ‘मंजुरी’, ‘परवाना’, ‘ना-हरकत’ हे आपल्या सवयीचे शब्द या अहवालाला लावू नका.

राहता राहिलं ‘इम्पॅक्ट’ आणि ‘इफेक्ट’. 1978 च्या नियमावलीत दोन्ही समानार्थी असल्याचं स्पष्ट म्हटलं होतं. ती नियमावली 2025 मध्ये मागे घेतली गेली, तरी मराठीत दोन शब्द शोधायची गरज मला दिसत नाही. ‘परिणाम’ दोन्हीकडे चालतो. ‘आघात’ टाळा, कारण परिणामांत फायद्याचेही धरले जात, आणि बुजवलेल्या चरात पाणी परत साचलं तर त्याला आघात कोण म्हणेल?