पट सतरा, शिक्षक दोन: मुलगा मागे पडेल का?

सिंधुदुर्गात पालक मला सगळ्यात जास्त विचारतात तो हाच प्रश्न. इथल्या वाड्यावाड्यांतल्या जिल्हा परिषद शाळांचा पट पुष्कळदा विशीच्या आत असतो आणि सगळ्या इयत्ता दोन शिक्षकांवर.

कुडाळ तालुक्यातली एक आई तिसरीतल्या मुलाला घेऊन आली होती. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) "मॅडम, हयच ठेवलंय तर झील मागे पडतलो." जावेचा मुलगा शहरातल्या इंग्रजी शाळेत, धडाधड कविता म्हणून दाखवतो. व्हॅनवाल्याशी बोलणंही झालं होतं.

मी मुलाला दुसरीचा उतारा दिला. अक्षर अक्षर जोडताना ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायचा. मग तोच उतारा मी वाचला, तर त्याने अख्खी गोष्ट मालवणीत सांगितली, वर एक प्रसंग पदरचा घालून! शंभराच्या नोटेतून 63 रुपये गेले की परत किती द्यायचे, हे त्याला बोटं न मोजता येतं. वडिलांचं दुकान आहे. म्हणजे समज चांगली, वाचनाचा सराव कमी. 'निपुण भारत' या लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या सरकारी कार्यक्रमात तिसरीच्या अखेरीस मुलाने समजून वाचावं अशी अपेक्षा आहे, तेव्हा आईची काळजी खोटी नव्हती. पण व्हॅनने ही तूट भरली नसती. उलट नवी लिपी आणि नवी भाषा अंगावर आली असती.

शाळेत गोष्टींची पुस्तकं होती. कपाटात, कुलपात. फाटली तर हिशेब कोण देणार? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने बैठकीत विषय काढला आणि दर शनिवारी प्रत्येक मूल एक पुस्तक घरी नेऊ लागलं. आजीला वाचता येत नाही, पण नातू अडखळला की "मगे?" म्हणून टोकते. माझ्या कुठल्याही तक्त्यापेक्षा हे भारी.

सगळं आलबेल आहे असं नाही. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हे शिक्षण हक्क कायद्याला धरूनच आहे, पण एक गुरुजी निवडणुकीच्या कामाला गेले की सगळ्या इयत्ता एका खोलीत बसतात. त्या दिवसांचं काय, हे पालकांनी विचारायलाच हवं.

मुलगा आता ओळ सलग वाचतो. गुणाकार कच्चा आहे, आणि ही तक्रार आईने माझ्याकडे न आणता थेट गुरुजींकडे नेली. व्हॅनचं पाचवीला बघू म्हणते.