खरडून गेलेल्या जमिनीचे पैसे आले नाहीत? आधी पंचनाम्याची प्रत काढा

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. सीना काठची १ हेक्टर ७० आर जमीन, त्यातली नदीकडची ४० गुंठे मुरूम दिसेपर्यंत वाहून गेली, खात्यावर १४,४५० रुपये आले, आणि नागपूरच्या २०२५ च्या हिवाळी अधिवेशनात तर "खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार" असं पुन्हा पुन्हा ऐकलं. मग ते ४७ हजार कुठे अडकले, आमदारांना सांगून सुटतील का, असा तुमचा प्रश्न आहे. २०२१ मध्ये मी अगदी याच जागी उभा होतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी तुमचा हिशोब. १४,४५० म्हणजे १.७० गुणिले ८,५००. कोरडवाहू पिकाच्या दराने पूर्ण क्षेत्र धरलंय, त्यात चूक नाही. ७ ऑक्टोबर २०२५ ला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं तेव्हा कोरडवाहूला १८,५०० म्हणाले, ते ८,५०० आणि रब्बीच्या बियाण्यासाठीचे १०,००० मिळून. हे दोन्ही एका दमात येत नाहीत, आदेश वेगळे निघतात. मात्र जमिनीचे ४७ हजार ही तिसरीच बाब आहे. ती पिकाच्या यादीत येतच नाही, तिची यादी वेगळी असते. तुमच्या खात्यावर फक्त पिकाचे आले याचा मला दिसतो तो अर्थ असा, की तुमच्या जमिनीचं नुकसान कागदावर चढलेलंच नाही. चुकत असेन तर बरंच आहे. पण माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

२०२१ चा सप्टेंबर. गुलाब चक्रीवादळाचा पाऊस मराठवाड्यावर कोसळला, मांजरा धरणाचे दरवाजे उघडले आणि रात्रीतून नदी आमच्या सोयाबीनमधून गेली. पाणी उतरल्यावर शेतात गेलो तर विहिरीचं सिमेंटचं कडं जमिनीच्या वर पुरुषभर उघडं उभं होतं. विहीर तिथंच होती, भोवतालची माती गेली होती. बांधावरच्या लिंबाची मुळं हवेत लोंबत होती. दोन एकर, म्हणजे ८० आर.

पाच दिवसांनी तलाठी आणि कृषी सहायक आले. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी म्हणतात.) गावात दीडशेच्या वर खातेदार, वर दिवसभर रिपरिप चालू. त्यांनाही दोष देत नाही, माणसं उपाशी फिरत होती. चिखलामुळे नदीपर्यंत गाडी जात नव्हती. रस्त्यावरूनच बघितलं, मोटारसायकलच्या सीटवर तक्ता ठेवला, "सोयाबीन, ३३ टक्क्यांपेक्षा जास्त" लिहिलं आणि मला सही करायला सांगितलं. मी केली. त्याच ओळीत पुढे जमिनीच्या नुकसानीचा रकाना होता आणि त्यात आडवी रेघ मारलेली होती. मी ती बघितली नाही. दहावी पास माणूस मी, वाचता येतं मला, तरी वाचलं नाही. पीक शंभर टक्के गेलंय हे लिहिलं ना, मग झालं, असं वाटलं.

त्यावर दुसरी घोडचूक केली. हरभऱ्याची वेळ निघून जात होती म्हणून उसनवारी करून तलावाचा गाळ आणून टाकला, ट्रॅक्टरने सपाट केलं. फोटो? मोबाईलमध्ये तीन होते, तिन्ही विहिरीचे, त्यात ना गट नंबर कळतो ना नदी दिसते.

दिवाळीनंतर पिकाचे हेक्टरी दहा हजाराने ८,००० रुपये आले. शेजाऱ्याला जमिनीचे वेगळे आले, तेव्हा मला जाग आली. तेव्हाचा केंद्राच्या निकषांतला दर हेक्टरी ३७,५०० होता, म्हणजे माझ्या ८० आरला ३०,००० रुपये. शेजाऱ्याने काय वेगळं केलं होतं? तो तलाठ्यांना हात धरून, चपला काढून, नदीच्या कडेपर्यंत घेऊन गेला होता. एवढंच.

मग तालुक्याच्या एका कार्यालयात माझ्या चकरा सुरू झाल्या. नाव लिहीत नाही, लिहून काही होणार नाही. पहिल्या खेपेला "पंचनाम्यावर तुमचीच सही आहे." दुसऱ्या खेपेला "कृषीकडून पत्र आणा." कृषीवाले म्हणाले, जमीन हा महसूलचा विषय. परत गेलो तर "मोजणी करून आणा, नदीत किती गेलं ते कळू द्या." मोजणीचे पैसे भरले. मोजणीदार आला तेव्हा शेत सपाट, वर हरभरा उगवलेला. तो तरी काय लिहिणार? अर्जाची पोच मागितली तर "ठेवून जा, साहेब आल्यावर बघू" म्हणायचे आणि मी ठेवून यायचो. चार अर्ज असे ठेवून आलो, एकाचीही पोच माझ्याकडे नाही. शेवटी सांगितलं की त्या पुराच्या निधीची मागणी बंद झाली. मोजणीचे पैसे गेले, गाळाचं कर्ज दोन वर्षं फेडलं. त्या खिडकीवर कुणीही एकदा उठून "लेखी द्या, पोच घ्या, फेरपंचनामा मागा" एवढं सांगितलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. राग अजून गेलेला नाही, हे कबूल करतो.

आता विधिमंडळाचं. त्या डिसेंबरच्या अधिवेशनात आमच्या भागाच्या पुराबद्दल सभागृहात बोलणं झालं आणि आम्ही पारावर मोबाईलला कान लावून ऐकलं. वाटलं, आता होईल. पण सभागृहात मंत्री जे उत्तर देतात ते जिल्ह्याच्या अहवालावरून, जिल्ह्याचा अहवाल तालुक्याच्या यादीवरून आणि यादी त्या सीटवर ठेवलेल्या तक्त्यावरून. चर्चेने दर वाढू शकतो, मर्यादा २ हेक्टरची ३ हेक्टर होऊ शकते, पुरवणी मागण्यांत निधी येऊ शकतो. माझे ८० आर त्या तक्त्यात शून्य होते. शून्याला कुठल्याही दराने गुणलं तरी काय मिळणार?

म्हणून माझं मत थोडं कडवट आहे, पटलं नाही तर सोडून द्या. "ओला दुष्काळ जाहीर करा", "हेक्टरी ५० हजार द्या" यावर सभागृहात तास न् तास जातात. मागणी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. हेक्टरी ८,५०० म्हणजे गुंठ्याला ८५ रुपये, आणि ४७ हजार म्हणजे गुंठ्याला ४७० रुपये. आमच्याकडे त्यात धड गाळाची एक ट्रॉली येत नाही, शेकडो वर्षांची माती तर लांबच. दर वाढलेच पाहिजेत. पण ओला दुष्काळ ही संज्ञा निकषांत नाही, हे उत्तर सरकार दर वेळी देतं आणि चर्चा तिथंच संपते. त्यापेक्षा एखाद्या आमदाराने उभं राहून विचारावं: अमुक तालुक्यात जमीन खरडल्याचे पंचनामे किती झाले, मंजूर किती, पैसे किती जणांना गेले, फेरपंचनाम्याचे अर्ज किती पडून आहेत? याचं उत्तर आकड्यातच द्यावं लागतं.

तुमच्या आमदारांकडे जाणार असाल तर तहसीलदारांच्या नावाचं शिफारसपत्र मागू नका. तशी पत्रं फायलीला लागतात आणि तिथंच राहतात. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) किंवा लक्षवेधी सूचना मागा, आणि प्रश्न तुम्हीच कागदावर लिहून द्या, तालुक्याच्या आणि गावाच्या नावासकट. प्रश्न अधिवेशनाच्या बरेच दिवस आधी द्यावे लागतात, त्यामुळे पुढच्या अधिवेशनासाठी आत्ताच भेटा. "एलएक्यू आलाय", म्हणजे विधानसभेचा प्रश्न आलाय, म्हटल्यावर कार्यालयात जी धावपळ होते ती मी डोळ्यांनी बघितली आहे. आमच्या शेजारच्या मंडळात विहिरींच्या पंचनाम्याचं काम त्यामुळेच हललं. एका गावाचा अनुभव आहे हा, सगळीकडे असंच होईल याची खात्री देत नाही.

तुम्ही स्वतः काय करायचं? पंचनाम्याची प्रत काढा. सरळ मिळाली तर उत्तम, नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका, ३० दिवसांत द्यावी लागते. त्यात जमिनीच्या रकान्यात काय लिहिलंय तेवढंच बघा. क्षेत्र लिहिलेलं असेल तर तुमचा प्रश्न फक्त यादीचा आणि निधीचा आहे. तिथं रेघ असेल तर त्याच दिवशी तहसीलदारांकडे फेरपंचनाम्याचा अर्ज, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊनच बाहेर या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

आणि हात जोडून सांगतो, ती ४० गुंठे सगळी भरून काढू नका. रब्बी थांबत नाही हे मला माहीत आहे, घरात खाणारी तोंडं आहेत. निदान नदीकडची एक पट्टी आहे तशी ठेवा. जागेचे अक्षांश-रेखांश आणि तारीख उमटते त्या कॅमेरा ॲपने फोटो काढा, फोटोत नदी, बांध आणि एखादं न हलणारं झाड एकत्र येऊ द्या. शेजारच्या दोन खातेदारांच्या सह्या घ्या.

८अ, म्हणजे तुमच्या नावावरची एकूण जमीन दाखवणारा उतारा, तो सुद्धा काढून बघा. ४७ हजारांची बाब केंद्राच्या निकषांत अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठी, म्हणजे २ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांसाठी आहे. सातबाऱ्यावर भाऊ सामाईक असतील तर संमतीपत्र आत्ताच करून ठेवा, नंतर कोणी पुण्याला असतो, कोणी रुसलेला असतो. शेताच्या एखाद्या भागात माती गेली नाही, उलट वाळू-गाळ साचला असेल, तीन इंचांपेक्षा जास्त, तर त्याचा दर वेगळा आहे, हेक्टरी १८,०००. ते क्षेत्र वेगळं लिहून घ्या.

पॅकेजमध्ये मनरेगातून, म्हणजे रोजगार हमीतून, हेक्टरी ३ लाखांपर्यंत म्हणाले, ते खात्यावर येणारे पैसे नाहीत, ते काम आहे. ग्रामपंचायतीत चौकशी करा, पण त्याच्या भरवशावर जमिनीची मदत सोडू नका.

अवांतर, पण पोस्टखाली दोघांनी विचारलंय म्हणून: पैसे "गेले" दाखवतात आणि खात्यात दिसत नाहीत, तर आधारला शेवटी जोडलेलं खातं कुठल्या बँकेत आहे ते आधी बघा. माझ्या मेहुण्याचे जुन्या, विसरलेल्या खात्यात सापडले. आणि बँकेने मदतीची रक्कम कर्जात वळती केली असेल तर शासन निर्णयातच तशी वसुली करू नये असं लिहिलेलं असतं, त्याची प्रत घेऊन शाखेत जा.

मी वकील नाही, कुठल्या पक्षाचाही नाही. जिल्ह्याजिल्ह्यात कामाची पद्धत थोडी वेगळी असते, त्यामुळे तुमच्याकडच्या जाणत्या माणसालाही विचारा. पंचनाम्याची प्रत हातात आली की त्या रकान्यात काय लिहिलंय ते इथंच टाका. फेरपंचनाम्याच्या अर्जाचा मजकूर मी लिहून देतो.