वाचकांचे प्रश्न : खुनाचा आकडा आणि खुनाची बातमी

प्रश्न : 'खुनांत उत्तर प्रदेश पहिला, महाराष्ट्र तिसरा' असं वाचलं. चॅनलवरही रोज खूनच. आपलं राज्य इतकं बिघडलंय का? – एक वाचक, सातारा

उत्तर : क्रमांक बरोबर आहे, पण तो नुसत्या बेरजेचा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालात उत्तर प्रदेशात 3,491 खून आहेत, बिहारमध्ये 2,930 आणि महाराष्ट्रात 2,295. लोकसंख्या जास्त तिथे आकडा मोठा येणारच. म्हणून बातमीत 'दर लाखामागे किती' ते आधी शोधा. दिलं नसेल तर खुनांच्या संख्येला लाखातल्या लोकसंख्येनं भागा. आपली लोकसंख्या अंदाजे 1,257 लाख, म्हणजे दर 1.8. उत्तर प्रदेशचा 1.5, देशाचा 2.1. 'पहिलं' राज्य आपल्याही खाली गेलं! मथळ्यात नसलेल्या झारखंडचा दर मात्र 4 आहे.

त्यातल्या त्यात खुनाचा आकडा भरवशाचा. मृतदेह सापडला की नोंद टाळणं अवघड. चोरी, विनयभंग, घरातली मारहाण यांचं तसं नाही. तक्रार देणं सोपं झालं तरी आकडा चढतो. नोंद वाढणं आणि गुन्हे वाढणं वेगळं, हा इशारा खुद्द अहवालात छापलेला असतो. मथळा करताना तेवढाच नेमका गळतो. आणखी एक मेख : एकाच एफआयआरमध्ये घरफोडी आणि खून दोन्ही असतील, तर मोजणीत फक्त खून धरतात.

आता 'रोज'चं. एकच खून मृतदेह सापडला की बातमीत येतो, मग अटक, पोलीस कोठडी, दोषारोपपत्र, जामीन, निकाल अशा प्रत्येक टप्प्यावर पुन्हा येतो. अहवालात तो एकदाच असतो.

प्रश्न : 'आरोपीची कबुली' छापून येते, तरी खटला वर्षानुवर्षं का चालतो? – एक वाचक, लातूर

उत्तर : कारण पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 23 (जुन्या कायद्यात 25) तेच सांगतं. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2021 च्या निकालात माध्यमांना बजावलं होतं की, अशी कबुली म्हणजे ग्राह्य पुरावाच, असा समज करून देऊ नका. तरी 'पोलीस सूत्रांनुसार' म्हणत ती छापली जातेच. कबुली दंडाधिकाऱ्यांपुढे, स्वेच्छेनं दिलेली असेल तर गोष्ट वेगळी. आणि कोठडीतल्या आरोपीनं सांगितल्यावरून चाकू विहिरीतून निघाला, तर त्याच्या जबाबातला त्या चाकूपर्यंत नेणारा भाग तेवढा कोर्टापुढे येऊ शकतो. 'मीच मारलं' हा नाही.